बी-४७ ची मागची बाजू

सोमवार, ४ सप्टेंबर
रक्तदाब: सकाळी १३८/८२, संध्याकाळी १५६/९०

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. रोज दोनदा आकडा लिहायचा, शिवाय दिवसभरात काय केलं आणि काय खाल्लं तेही लिहायचं, म्हणजे आकडा कशाने चढतो ते कळेल. मी म्हटलं, एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचा आकडा वयाने चढतो. त्या म्हणाल्या, "लिहा, मिस्टर बेयर्ड. वाद नको."

तर लिहितो. सकाळी लापशी. दुपारी सॉसेज घातलेला रोल. टपालाने वाचनालयाचं पत्र आलं. आमच्या क्लाइडबँकमध्ये बांधलेलं 'लेडी मॉर्व्हन' जहाज आता कॉम्प्युटरमध्ये पुन्हा बांधलंय म्हणे. आत हिंडता येतं, दारं उघडता येतात. २३ तारखेला टाउन हॉलमध्ये ते लोकांना खुलं होणार, त्याआधी ज्यांनी खरं जहाज बांधलं त्यांनी येऊन चुका काढाव्यात, अशी विनंती आहे. चुका काढायला आजवर मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आपण होऊनच काढत आलो.

जहाज सहासष्ट साली पाण्यात उतरलं. तेवीस वर्षं न्यूयॉर्कच्या आणि इकडच्या तिकडच्या फेऱ्या केल्या आणि शेवटी हिंदुस्थानात, अलंगच्या वाळूत ओढून त्याचे तुकडे केले. ते बांधलं तेव्हा मी जहाजबांधणीच्या यार्डात बावीस वर्षांचा सुतार होतो. बी डेकवरच्या केबिनींची लाकडी पॅनेलं माझ्या हातची.

जिन्यापलीकडच्या दारातल्या एफीलाही तेच पत्र आलंय. ती यार्डात पॉलिशवाली होती. आर्चीची बायको, आर्ची जाऊन आता चार वर्षं झाली. पत्र दाखवायला आली, चहा प्यायली आणि उठता उठता म्हणाली, "निनियन, मी घर सोडतेय. पंचवीस तारखेला किल्ल्या द्यायच्यात. उना बोलावतेय हॅलिफॅक्सला."

उना म्हणजे तिची मुलगी, कॅनडात असते.

मी म्हटलं, "बरं आहे. तिकडची हवा चांगली असते."

"तू कधी गेलायस तिकडे?"

"नाही. ऐकून आहे."

ती जरा वेळ दारात उभी राहिली. मग परत आत येऊन कप विसळून ठेवला आणि गेली. संध्याकाळचा आकडा बघितला तर एकदम वर. सॉसेज बंद केलं पाहिजे.

बुधवार, ६ सप्टेंबर
सकाळी १४०/८४, संध्याकाळी १५१/८८ (सॉसेज नाही)

टाउन हॉलच्या मागच्या खोलीत कर्स्टी नावाची मुलगी बसते. तिशीची असेल, नखं चावते. चार वर्षं खपून तिने जुन्या फोटोंवरून आणि नकाशांवरून हे जहाज उभं केलंय. तोंडावर बांधायला तिने एक काळं खोकं दिलं. घोड्याला तोबरा बांधतात तसंच दिसतं ते. मी तोबराच म्हणतो.

तोबरा बांधला आणि समोर बी डेक. तो लांबलचक बोळ, दोन्हीकडे अक्रोडाची पॅनेलं, मधूनमधून पितळी दिवे. मी हात लावायला गेलो तर हाताला काहीच लागलं नाही. मग सावरलो आणि चुका काढायला लागलो.

"फार स्वच्छ आहे," मी म्हटलं. "आम्ही असताना इथे लाकडाच्या ढलप्या असायच्या, सिगारेटची थोटकं असायची."

"आत प्रवासी यायच्या दिवशीचं दाखवलंय, मिस्टर बेयर्ड."

"त्या दिवशीही असतील. नीट शोधायला हवीत."

मग स्क्रूंकडे लक्ष गेलं. पॅनेलच्या कडेने पितळी स्क्रू असतात. चांगला सुतार शेवटचा स्क्रू पिळला की त्याची खाच सरळ उभी करून सोडतो. सगळ्या खाचा उभ्या, एका रांगेत. हे कोणी शिकवत नाही आणि कोणी विचारतही नाही, पण तिरकी खाच दिसली तर आमच्या मुकादमाला जेवण जात नसे. कर्स्टीने खाचा बरोबर उभ्या दाखवल्या होत्या, तेवढं मी मान्य केलं. मी हिंडत हिंडत बी-४७ नंबरच्या केबिनीत गेलो.

"इथे चुकलंय," मी म्हटलं. "खिडकीजवळचं पॅनेल. याच्या खाचा तिरक्या हव्यात."

ती चकित झाली. "फोटोत तिरक्याच होत्या. मला वाटलं माझी चूक, म्हणून मी सरळ केल्या."

"कर परत तिरक्या. ते पॅनेल सुताराने बसवलेलं नाही."

मग तिला हकिकत सांगितली. त्या पॅनेलच्या मागे वायुनळीसाठी ॲल्युमिनियमची पट्टी मारायची होती. पत्रेवाले म्हणाले, धातू आमचा. आम्ही म्हटलं, लाकूड आमचं. नऊ दिवस दोन्हीकडचे लोक हाताची घडी घालून केबिनीबाहेर उभे. शेवटी दोन्ही युनियनांची तडजोड झाली की पट्टीवालं पॅनेल पत्रेवाल्यांनी बसवायचं. आणि त्यांच्यातर्फे आला आर्ची डॉकर्टी. माझ्या हातचं पॅनेल, त्याने माझ्या डोळ्यांदेखत आत नेऊन दार लावून घेतलं. स्क्रू म्हणजे खिळे असल्यासारखे मारले होते त्याने.

कर्स्टी हसून हसून नखं चावायची विसरली. तेवढ्यात मी एक पाऊल पुढे टाकलं आणि माझं डोकं पॅनेलमधून आरपार गेलं. पलीकडे नुसता राखाडी अंधूकपणा होता. मागे काहीच नव्हतं.

"मागची बाजू बांधलेलीच नाहीस तू."

"मागे काय होतं?"

"लिहिलेलं असायचं. बसवायच्या आधी प्रत्येक जण मागे काहीबाही लिहायचा. नाव, फुटबॉलचा स्कोअर, मुकादमाच्या खानदानाबद्दल चार शब्द. एकदा बसवलं की जहाज तुटेपर्यंत कोणाला दिसणार नाही."

तिचे डोळे चमकले. पॅनेलं उलटी करता येतील अशी सोय ती करणार आहे, ज्याने जे लिहिलं ते त्याच्याकडून विचारून. "तुम्ही बी-४७ मध्ये काय लिहिलं होतंत?"

"मापं," मी म्हटलं.

या वहीत नर्सबाई फक्त आकडे बघतात, म्हणून लिहितो. मी लिहिलं होतं, "एफी, माझ्याशी लग्न करशील का? निनियन बी." तिला विचारायचा धीर नव्हता, तेव्हा मनातलं एकदा कुठेतरी उतरवावं आणि स्वतःच्या हाताने भिंतीला ठोकून टाकावं असा बेत होता. पॅनेल पॉलिशला गेलं, पण त्याची मला चिंता नव्हती. पॉलिशवाल्या पुढचीच बाजू बघतात. चिंता आर्चीची होती. त्याने मागची बाजू वाचली असणारच. आता हा यार्डभर करणार, म्हणून मी महिनाभर धसका घेऊन होतो. पण त्याने कधी एका शब्दाने चिडवलं नाही. सभ्य माणूस. पुढच्याच महिन्यात त्याचं आणि एफीचं ठरलं, आणि करवला म्हणून त्याने मलाच उभं केलं. असे योगायोग असतात.

शनिवार, ९ सप्टेंबर
सकाळी १३९/८२, संध्याकाळी १६२/९४

एफीला घेऊन गेलो. तिने तोबरा बांधला, आणि तिला आत जे दिसत होतं ते कर्स्टी आणि मी पडद्यावर बघत होतो. एफीने पहिल्याच पॅनेलवर हात फिरवायला सुरुवात केली. हवेत आठचा आकडा काढत हात चालला होता, फडकं धरल्यासारखी बोटं मिटलेली.

"हे काय फासलंय?" ती म्हणाली. "ही वार्निशची चमक आहे गं. फ्रेंच पॉलिश असं डोळ्यांत नाही येत. आत दिवा लावल्यासारखं दिसायला हवं. आमच्या मुकादमबाईने हे परत खरवडायला लावलं असतं."

"कमी करते चमक," कर्स्टी वहीत लिहीत म्हणाली. "मिसेस डॉकर्टी, पॅनेलांच्या मागचं लिहिलेलं तुम्ही कधी बघायचात का?"

"बघायचो? अगं, सगळं वाचायचो. चाळीस बायका आणि दिवसभर स्पिरिटचा वास. करमणूक काय दुसरी? चुका सुधारून द्यायचो. कधी उत्तरंही लिहायचो."

मला एकदम गरम व्हायला लागलं. टाउन हॉलचं हीटिंग फार असतं. पण चाळीस बायका होत्या, पॅनेलं शेकडो. ते एकच नेमकं हिच्या हाताखाली कशाला येतंय, अशी मी मनाची समजूत घातली.

कर्स्टीने आर्चीशी लग्न कसं ठरलं ते विचारलं. एफी म्हणाली, "कँटीनच्या रांगेत. मसुराचं सूप होतं. माझ्यामागे उभा राहिला आणि म्हणाला, 'एफी, तोंडाने विचारतोय हं. लग्न करशील?' आम्ही त्याआधी चार वाक्यं बोललो नव्हतो. पण विचारलं खरं. बाकीचे काही जण तेवढंही करत नाहीत." एवढं बोलून तिने तोबरा वर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या स्वेटरवर डाग असावा.

मग ती बी-४७ मध्ये शिरली आणि त्या पॅनेलपाशी थबकली. "या खाचा वाकड्या का केल्यात?"

"मिस्टर बेयर्डनी सांगितलं," कर्स्टी म्हणाली. "हे त्यांनी नाही बसवलं. आर्चींनी बसवलं."

एफीने तोबरा काढला. "आर्चीने?"

"पट्टीचा वाद होता ना," मी म्हटलं. "मी नऊ दिवस बाहेर उभा."

"तू बसवलंच नाहीस हे पॅनेल? पॉलिश होऊन आल्यावर तू ते हातातसुद्धा घेतलं नाहीस?"

"हात लावला असता तर युनियनने संप केला असता."

ती खुर्चीवर बसली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, तर हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अरे देवा, आर्ची," एवढंच म्हणत होती. पत्रेवाल्यांचं स्क्रू मारणं हसण्यासारखं असतं हे खरं, पण इतकं?

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मध्येच एकदा हसली. आकडा १६२. आज सॉसेज नाही, मीठही नाही. यंत्र बिघडलं असावं.

मंगळवार, १२ सप्टेंबर
सकाळी १४४/८५, संध्याकाळी १५०/८८

एफीने तिची खिडकीजवळची खुर्ची माझ्याकडे आणून ठेवायला लावली. "दुकानात दिली तर कोण बसेल कोण जाणे," म्हणाली. खुर्ची चांगली आहे, पण माझी खोली केवढी.

गुरुवार, १४ सप्टेंबर
सकाळी १४१/८४, संध्याकाळी १५५/८९

आज जिरेनियमच्या दोन कुंड्या, शिवणाचा डबा आणि आर्चीची पाणसळ आली. कुंड्या माझ्या खिडकीत बसवल्या तर म्हणाली, "इथे नको, तिथे. मला तिथे बरं पडतं." तिला कशाला बरं पडायला हवंय? ती तर कॅनडात असणार.

तिची खोकी बांधायला मदत केली. फारच कमी खोकी आहेत. म्हटलं, "एवढंच सामान नेतेस?" तर म्हणाली, "जाणाऱ्याने हलकं जावं." चहा झाल्यावर हात मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "निनियन, मला काही विचारायचंय का तुला?"

विचारायचं होतं. आठवडाभर जिभेवर होतं, जाऊ नकोस म्हणायचं होतं. कोणत्या तोंडाने म्हणू? तिची मुलगी तिकडे, नातवंडं तिकडे. इथे काय, जिन्यापलीकडे एक म्हातारा सुतार. जिन्यावरचं ते दार बंद झालं की सकाळी मी कोणावर कुरकुरणार, हा विचार आला.

मी विचारलं, "ती किटली नेणार आहेस का?"

तिने किटली उचलून माझ्या हातात दिली. "घेऊन जा," म्हणाली. "घेऊन जा बाबा, किटलीही घेऊन जा."

चांगली किटली आहे. शिट्टी वाजते.

सोमवार, १८ सप्टेंबर
सकाळी १४६/८६, संध्याकाळी १४९/८७

कर्स्टीचा फोन आला. आणखी बऱ्याच पॅनेलांच्या मागचं लिहिलेलं मिळालं म्हणे, लोक येऊन सांगतायत. बी-४७ चंही कोणीतरी पेन्सिलीने कागदावर लिहून आणून दिलं. "कोणी?" म्हटलं, तर "सांगायचं नाही असं ठरलंय." मी म्हटलं, तिथे मापंच होती. ती म्हणाली, "हो हो, मापंच आहेत, मिस्टर बेयर्ड. शनिवारी येऊन तपासा." या मुलीला मोठ्यांशी बोलताना हसायची खोड आहे.

शनिवार, २३ सप्टेंबर
सकाळी १५२/९०

संध्याकाळचा घेतला नाही. कारण लिहितो.

टाउन हॉल भरलेला होता. जुने यार्डवाले सगळे आले होते, कोणी काठी टेकत, कोणी चाकांच्या खुर्चीतून. मागच्या बाजूला वाचनालयाच्या बायका मसुराचं सूप वाढत होत्या, कँटीनची आठवण म्हणून. माझी पाळी आली. तोबरा बांधला, बी डेकवरून चालत बी-४७ मध्ये गेलो. खाचा तिरक्या होत्या. कर्स्टीने शिकवल्याप्रमाणे हातातल्या दांड्यावरचं बटण दाबलं आणि पॅनेल फिरलं.

वर माझं वाक्य. अक्षर माझं नव्हतं, पण वाक्य अक्षरशः तेच, 'निनियन बी.' सकट. आणि त्याच्याखाली त्याच पेन्सिलीने:

"तोंडाने विचार. ए."

मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. कर्स्टी नंतर म्हणाली, चार मिनिटं. चार मिनिटांत सत्तावन्न वर्षं हिशेबात आली. तिने वाचलं होतं. उत्तर लिहिलं होतं. आणि मी ते पॅनेल बसवताना वाचीन म्हणून ती वाट बघत राहिली, आणि मी केबिनीबाहेर हाताची घडी घालून पत्रेवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. आत दार लावून आर्चीने प्रश्नही वाचला आणि उत्तरही. मग हातातला स्क्रूड्रायव्हर टाकून तो सूप घ्यायला गेला.

आधी राग आला. चोरा, म्हटलं, माझं उत्तर घेऊन गेलास. मग त्याच्या त्या वाकड्या खाचा आठवल्या. किती घाईत मारले असतील स्क्रू. मला हसू आलं, आणि हसता हसता तोंडाने मोठ्याने निघून गेलं, "एफी, जाऊ नकोस. लग्न करशील का माझ्याशी?"

शेजारून उत्तर आलं, "मी मिसेस पेटीग्रू, निनियन. वाचनालयातली. तुझं सूप थंड होतंय."

तोबरा काढला. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता, आणि एफी सुपाच्या रांगेत पुढून तिसरी उभी होती. मी तरातरा तिच्याकडे गेलो. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"रांग मोडू नकोस," ती म्हणाली. "मागे जाऊन उभा राहा."

गेलो. माझ्यापुढे अकरा जण होते. एफीने मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. मग तिच्या मागच्याला. एकेकाला पुढे सोडत सोडत ती मागे येत गेली, आणि माझ्यापुढे उभी राहिली. पळी तेवढी वाजत होती.

मी म्हटलं, "एफी, तोंडाने विचारतोय. लग्न करशील का माझ्याशी?"

"केवढा उशीर."

"मी वाचलंच नव्हतं."

"कळलं मला ते, नऊ तारखेला. तोवर मला वाटत होतं, तू वाचलंस आणि घाबरलास. आणि आर्ची तेच शब्द बोलत आला तेव्हा वाटलं, माझं लिहिलेलं देवानेच वाचून याला पाठवलं. देव कसला, पत्रेवाला." तिने डोळे पुसले. "चोर होता मेला. पण नवरा चांगला होता, निनियन. त्याच्याबद्दल मला वाईट बोलता यायचं नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "पण तुझं उत्तर काय? परवा तू कॅनडाला चाललीस."

"सहा आठवड्यांसाठी. दहा तारखेला तिकीट बदलून घेतलं, येण्याजाण्याचं. उनाला हे समोर बसून सांगायला हवं, फोनवर नको. तू एकदा तरी विचारलंस का, परत कधी येणार म्हणून?"

"आणि मी आज विचारलंच नसतं तर?"

"तर आल्यावर सामान उचलून बहिणीकडे गेले असते, डनूनला. आणि तुझं तोंड बघितलं नसतं."

"सामान," मी म्हटलं.

"खुर्ची तुझ्याकडे. कुंड्या तुझ्याकडे. शिवणाचा डबा तुझ्याकडे. किटली तू स्वतः मागून नेलीस. हे सगळं तुझ्या घरात कशाला येतंय, असं तुला एकदाही वाटलं नाही?"

मी म्हटलं, "मला वाटलं, दुकानवाले भाव देत नसतील."

तोवर रांग सरकून तिची पाळी आली होती. तिने हातात पडलेली सुपाची वाटी मला दिली आणि स्वतःसाठी दुसरी घ्यायला परत रांगेत उभी राहिली.

सोमवार, २५ सप्टेंबर

तिला विमानतळावर सोडून आलो. तिच्या घराच्या किल्ल्या दिल्या. आत जाताना म्हणाली, "फोन कर. लिहीत बसू नकोस."

घरी येऊन किटली ठेवली आणि दारावर पितळी पाटी बसवली, दोघांच्या नावांची. आर्चीची पाणसळ लावून बघितली, पाटी अगदी सरळ आहे. चार स्क्रू. पहिल्या तिन्हींच्या खाचा उभ्या केल्या. चौथा तिरका ठेवला. तो आर्चीचा.

रक्तदाब घ्यायचा राहिला.